ताई, फिगर कशी बघायची ते तुम्ही शिकवलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला एक फोन पुरला असता, पण तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणत तो दोन मिनिटांत आटोपता घेतला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. हॉरर गेममधल्या पात्रांच्या ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या छोट्या प्रतिकृती, जमवणारे मराठी वाचक कमी नाहीत, पण बहुतेकांना हा नाद एकट्यानंच जोपासावा लागतो. शेजारी बसून फिगर हातात घेऊन ‘हे बघ, इथे बघ’ असं म्हणणारं माणूस क्वचित कुणाला भेटतं. मला भेटलं. तुम्ही जे दिलंत ते अशा लोकांपर्यंतही पोहोचावं आणि ते कुणाकडून आलं तेही त्यांना कळावं, असं मनापासून वाटतं.

फिगरची पारख म्हटलं की साधारण ठरलेले प्रश्न येतात. सांधे किती, बदलायचे हात किती जोड, शस्त्रं कोणती, रंग कडेबाहेर गेलाय का, खोक्याचे कोपरे शाबूत आहेत का. हे सगळं तुम्हीही बघता. पण त्याच्या आधी तुम्ही एक वेगळाच प्रश्न विचारता: गेम खेळताना हा आपल्याला दिसतो कसा? कुठल्या बाजूनं, किती उजेडात, किती अंतरावरून? त्या एका प्रश्नानं माझं अख्खं शेल्फ बदललं.

‘सायलेंट हिल’ पासून सुरुवात झाली होती. तो गेम १९९९ सालचा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. दूरवरचं शहर एका दमात रेखाटण्याची त्या यंत्राची ताकद नव्हती, म्हणून धुकं आणि काळोख घालून ती उणीव झाकली गेली आणि तेच धुकं त्या गेमचं भय होऊन बसलं. २००१ सालच्या दुसऱ्या भागात मासाहिरो इतो यांनी घडवलेला पिरॅमिड हेड आला. तोही आपल्याला असाच दिसतो, काळोखात, दाणेदार पडद्याआडून, कधी जाळीच्या दारापलीकडे नुसता उभा. आता हाच राक्षस पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली ठेवला तर दिसणार काय? डोक्यावर लोखंडी डबा घातलेला, मळका झगा नेसलेला एक माणूस. त्यात फिगरचा काही दोष नसतो, आपण ती चुकीच्या उजेडात ठेवलेली असते.

तुम्ही मला फ्रीइंग कंपनीनं फिग्मा या फिगरच्या मालिकेत काढलेला पिरॅमिड हेड दाखवलात तो खोलीतले सगळे दिवे मालवून. हातात एक छोटा टॉर्च, तोही खालून आणि एका बाजूनं धरलेला. फिगर जेमतेम वीतभर उंचीची, पण मागच्या भिंतीवर त्या त्रिकोणाची सावली छतापर्यंत गेली. मग तुम्ही टॉर्च हळूहळू सरकवत नेलात आणि गंजाचे थर एकेक करून वर आले. खाली काळपट तपकिरी, त्यावर खाचांमध्ये उतरलेला पातळ रंगाचा वॉश, आणि कडांवर जवळपास कोरड्या ब्रशनं ओढलेला नारिंगी. ‘सपाट उजेडात हे रंगकाम घाण दिसतं,’ तुम्ही म्हणालात, ‘आणि लोक लिहितात की रंग फासलाय.’ त्यानंतर मी कुठलीही हॉरर फिगर एका बाजूच्या दिव्याखाली बघितल्याशिवाय तिच्याबद्दल मत बनवत नाही.

सांध्यांचंही तेच. पिरॅमिड हेड आपलं ते अजस्र पातं उगारत फिरत नाही, फरफटत नेतो. तेव्हा त्याचा हात डोक्यावर किती जातो याला तुमच्या लेखी फार किंमत नव्हती. हात मागे आणि खाली सोडून, पात्याचं टोक जमिनीला टेकवून, कमरेतून किंचित पुढे झुकलेला असा तो तोल न जाता उभा राहतो का, हे तुम्ही बघितलंत. त्याच गेममधल्या राक्षसी नर्सच्या बाबतीत सगळं लक्ष मानेवर. चेहरा म्हणजे सुजलेला, नाकडोळे नसलेला गोळा, त्यामुळे जे काही सांगायचं ते मान कलण्यातूनच सांगावं लागतं. मान ताठच राहत असेल तर बाकी पंचवीस सांधे असून उपयोग नाही, हे तुमचं वाक्य मी आता बिनदिक्कत माझं म्हणून वापरतो.

सगळ्यात जास्त चकित झालो ते ‘डेड स्पेस’ चा नायक आयझॅक क्लार्क याच्या वेळी. तुम्ही फिगर हातात घेतलीत आणि चेहऱ्याकडे न बघता सरळ तिची पाठ समोर घेतलीत. २००८ सालच्या त्या गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात जीव किती उरला ते सांगणारी पट्टी नाही. ती आयझॅकच्या सूटवर, पाठीच्या कण्यावर चमकते. कॅमेरा कायम त्याच्या खांद्यामागे. म्हणजे खेळणारा तासन्‌तास बघतो ती त्याची पाठच. कंपन्यांचे फोटो मात्र समोरूनच काढलेले असतात. कण्यावरच्या त्या पट्ट्या नीट कोरल्यात का, त्यांचा निळा रंग आजूबाजूच्या पत्र्यावर ओघळलाय का, हे त्या फोटोंत कळतच नाही. फोटोंबद्दल तुम्ही आणखी एक सांगितलं होतं, तेही इथे लिहून ठेवतो: जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा हातानं रंगवलेल्या नमुन्याचा असतो, कारखान्यातून निघालेल्या नगाचा नाही. त्यामुळे मत बनवायचं ते कुणीतरी घरी उघडून काढलेल्या फोटोंवरून.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या भयपटाच्या १९८९ सालच्या निन्टेन्डो गेमवरून नेका कंपनीनं २०१३ मध्ये काढलेला मुखवटेवाला खुनी जेसन आठवतो? अंगभर जांभळा, मुखवटा निळसर हिरवा. ज्यांनी तो गेम पाहिला नाही त्यांना ही फिगर रंग चुकल्यासारखी वाटते. त्या यंत्रात हलत्या चित्राच्या प्रत्येक तुकड्याला तीनच रंग वापरता यायचे, बाकी पारदर्शक. त्या अडचणीतून आलेला जेसनचा तो विचित्र जांभळा रंग नेकानं तसाच्या तसा घनरूपात आणला. तुम्ही त्याला तुमच्या कपाटात सगळ्यात वरचं स्थान दिलंय, आणि माझ्या मते ते रास्त आहे. भयाचा गेम आठवतो तसा हाती देणारी याहून प्रामाणिक फिगर मी पाहिलेली नाही.

‘बायोशॉक’ गेममधल्या बिग डॅडी या अवजड सूटवाल्या राखणदाराबद्दल आपलं एकमत झालं नाही, होणारही नाही. तुमच्या मते त्याला सांधे कमी असले तरी चालतात, कारण त्याचं भय वजनात आहे, दिसण्याआधी ऐकू येणाऱ्या पावलांत आहे. मला वाटतं, तो एरवी शांत असतो आणि तो जिची राखण करतो त्या लहान मुलीला धक्का लागला की अंगावर येतो, तेव्हा ड्रिलचा हात पुढे झेपावता आला पाहिजे. असो. भेटल्यावर पुन्हा भांडू.

आता ज्या मदतीबद्दल मी खऱ्या अर्थानं ऋणी आहे तिच्याकडे येतो. माझ्या एका फिगरचा गुडघा रंगानं घट्ट चिकटून बसला होता आणि हातातलं लांब पातं खोक्यात दबून वाकलं होतं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर शेवटपर्यंत थांबलात. कडकडीत उकळतं नाही, गरम पाणी. त्यात फक्त सांधा बुडेल एवढाच पाय अर्धा मिनिट धरायचा, मग बाहेर काढून जोर न लावता पुढेमागे, पुढेमागे. नाही सुटला तर पुन्हा पाण्यात. ‘जोर लावलास तर आतली खुंटी तुटेल, आणि ती तुटली की संपलं,’ हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की माझे हात आपोआप सैल पडले. गुडघा सुटला तेव्हा बारीकसा टक् आवाज आला आणि पलीकडून तुम्हीच आधी ‘सुटला!’ म्हणून ओरडलात. पात्यालाही तोच उपाय, फक्त सरळ करून लगेच गार पाण्यात धरायचं, म्हणजे ते त्या आकारात बसतं. आत दिवा किंवा बॅटरी असलेल्या फिगरला पाणी लावायचं नाही, तिथे लांबून हेअर ड्रायर. ही एवढीशी माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे किती चांगल्या फिगर मोडत असतील.

नकली मालाच्या बाबतीत तर तुम्ही मला सरळ वाचवलंत. मला जी नर्स घ्यायची होती तिचे विक्रेत्यानं पाठवलेले फोटो तुम्ही बघितलेत आणि एवढंच म्हणालात, ‘तळव्याचा फोटो माग.’ तो आला तेव्हा त्यावर कंपनीच्या स्वामित्वहक्काचा शिक्का नव्हता. मग तुम्ही बाकीच्या खुणा दाखवल्यात: कातडीला तेलकट चकाकी, रक्ताचे डाग सगळे एकाच लाल रंगाचे, गणवेशाच्या कडेला रंग कातडीवर उतरलेला, खोक्यावरची छपाई किंचित फिकी. बनावट माल हातात आला की उग्र वासावरूनही कळतो, पण तोवर पैसे गेलेले असतात. व्यवहार तिथेच थांबला. आणि पुढच्या आठवड्यात तुमच्याकडची जादा नर्स माझ्या दारात आली, अस्सल, सोबत सगळे हात, स्टँड आणि कसं पुसायचं त्याची तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. पैशांचा विषय काढल्यावर तुम्ही कॉल कट केलात. ताई, त्याचे आभार मानायची संधी तुम्ही मला आजवर दिली नाहीत. आज घेतोय.

खोकं उघडावं की नाही हा वाद तुमच्यामुळे माझ्यापुरता मिटला. ॲक्शन फिगर ऑथॉरिटीसारख्या संस्था सीलबंद नगाला शंभरपैकी श्रेणी देतात, कार्ड, ब्लिस्टर (फिगरवरचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच) आणि फिगर वेगवेगळे तपासतात, आणि ज्यांना तसं जमवायचंय त्यांनी जरूर जमवावं. पण फिगरचं पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं पृष्ठभागावर येत राहतं आणि बंद खोक्यात कोंडून फिगर चिकट होते. उघडलेली फिगर निदान कोमट साबणाच्या पाण्यानं धुता येते, वाऱ्यावर ठेवता येते. माझ्या सगळ्या उघड्या आहेत, उन्हापासून लांब.

जाता जाता एक काम. टॉय बिझ कंपनीनं १९९८ साली ‘रेसिडेंट ईव्हिल’ च्या ज्या फिगर काढल्या त्यातला ख्रिस रेडफिल्ड आणि त्याच्यासोबतचा सर्बेरस कुत्रा मला मिळतोय. पाकीट फोडलेलं आहे, कुत्र्याच्या शेपटीजवळ रंग उडालाय. १९९६ च्या त्या गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा स्थिर, त्यामुळे मी विक्रेत्याकडून वरून, तिरकस कोनातून काढलेले फोटो मागवलेत. तळव्यांचे तर आधीच आले. सगळे तुम्हाला वेगळे पाठवतो. उत्तर रविवारपर्यंत द्यायचंय, तेव्हा त्याआधी एकदा नजर टाका.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमचा,
शेल्फावर एका बाजूनंच दिवा लावणारा धाकटा भाऊ