मुलाशेजारी दिवसभर बसणाऱ्यांना शिकवा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

स.न.वि.वि.

मी समावेशित शिक्षणात काम करणारी फिरती विशेष शिक्षिका आहे. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता असलेली मुलं ज्या वर्गांत शिकतात, तिथे मी जाते. पण एका शाळेच्या वाट्याला माझा फार थोडा वेळ येतो. बाकीचे सगळे तास त्या मुलासोबत असतात त्याच्या वर्गशिक्षिका, कुठे मदतनीस ताई, खासगी शाळेत पालकांनी पदरमोड करून ठेवलेली शॅडो टीचर, म्हणजे फक्त त्याच्याजवळ बसणारी मदतनीस शिक्षिका, आणि कितीतरी ठिकाणी मागच्या बाकावर बसलेली त्याची आई. मूल असं का वागतं आणि त्या क्षणी आपण काय करायचं, हे यांतल्या बहुतेकांना कुणी कधी शिकवलेलंच नाही. त्यासाठीच हे पत्र.

दुसरीच्या एका वर्गातली गोष्ट सांगते. फळ्यावरचा उतारा वहीत उतरवायची वेळ झाली की एक मुलगा पेन्सिलची पेटी भिरकावायचा. बाई रागवायच्या आणि मदतनीस ताई त्याला व्हरांड्यात घेऊन जायच्या. तिथे तो लगेच शांत व्हायचा, त्यामुळे उपाय लागू पडला असं सगळ्यांनाच वाटायचं. दुसऱ्या दिवशी मात्र पेटी आणखी लवकर उडायची. लिहिणं त्याला जड जात होतं आणि पेटी फेकली की लिहिणं टळतं, हे तो शिकला होता. त्याला हे आपणच शिकवत होतो, रोज, अगदी चांगल्या हेतूने.

हे ओळखायला मोठी पदवी लागत नाही. ताईंना मी वहीत तीन रकाने आखून दिले : आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर काय घडलं. ‘चिडला’, ‘त्रास दिला’ असं लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. पहिला आठवडा संपायच्या आतच ताईंनी मला सांगितलं, “मॅडम, गणिताला तो कधीच फेकत नाही.”

मग आम्ही उतारा दोन ओळींवर आणला आणि बाकावर ‘थोडं थांबू’ असं चित्रकार्ड ठेवलं. चुळबुळ सुरू झाली की ताई त्याचा हात हळूच कार्डाकडे न्यायच्या आणि कार्ड उचललं की लगेच विश्रांती द्यायच्या. पुढे नुसता कोपराला स्पर्श पुरला, मग कार्डाकडे एक नजर. पेटी फेकून मात्र सुटका मिळणार नव्हती. सुरुवातीला तो जास्त जोरात फेकू लागला. जुना मार्ग बंद झाला की असं होतंच, आणि माहिती नसलेला माणूस नेमका याच टप्प्यावर हार मानतो. तेव्हा हार मानली की मूल शिकतं की आणखी जोर लावला पाहिजे. ताईंना हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्या टिकल्या. ओळी हळूहळू वाढवल्या. आता कार्ड रोज उचललं जातं, पेटी क्वचितच उडते.

या शास्त्राला अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणतात. डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी १९६८ मध्ये त्याची चौकट मांडली. त्यातली एक अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : जे वर्तन बदलायला घ्यायचं, ते त्या व्यक्तीच्या जगण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं असलं पाहिजे. मुलाला पाणी मागता येणं, नको असेल तेव्हा नको म्हणता येणं, शौचाला जायचंय हे सांगता येणं, हे महत्त्वाचं. आनंद झाला की तो हात फडफडवतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. ते थांबवायला एक मिनिटही घालवू नये. डोळ्यांत डोळे घालून बघायची सक्तीही नको.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण या पद्धतीच्या इतिहासात काळी पानं आहेत. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांना वेदना देणारे उपायही तिच्या नावाखाली वापरले गेले. स्वतः स्वमग्न असलेल्या अनेक प्रौढांनी या पद्धतीवर कडक टीका केली आहे आणि ती ऐकूनच आपण पुढे जायला हवं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. प्रशिक्षणाची सुरुवात तिथूनच व्हावी. पोषण आहार, पाणी, मधली सुट्टी या गोष्टी बक्षीस म्हणून राखून ठेवायच्या नाहीत, त्या मुलाच्या हक्काच्याच आहेत.

आणखी एक गोष्ट वर्गावर्गात दिसते. मदतनीस मुलाचा हात धरून लिहून घेते. वही भरते, पालक खूश होतात, तपासणीला आलेले अधिकारीही समाधानाने सही करतात. हात सोडला की पेन्सिल तिथेच थांबते. मदत कशी द्यायची याइतकंच ती कशी काढून घ्यायची हे शिकावं लागतं, आणि ते करून पाहिल्याशिवाय येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १७ मध्ये समावेशित शिक्षणासाठी शिक्षकांबरोबरच सहाय्यक कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षित करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. ती पदं भरलीच पाहिजेत. पण सगळी भरली तरी विशेष शिक्षक दिवसभर एका बाकाजवळ बसू शकणार नाही. तिथे ताईच असणार.

अमेरिकेत मुलांसोबत प्रत्यक्ष बसणाऱ्या वर्तन तंत्रज्ञांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीची देखरेख अशी पद्धत आहे. ती जशीच्या तशी उचला असं मी म्हणत नाही. पण तासांपेक्षा देखरेख महत्त्वाची, हे तिथून घ्यावं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र डाउनलोड करण्याची सवय आपल्याकडे पुरेशी झाली आहे. त्याने व्हरांड्याचा दरवाजा बंद होत नाही.

आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे, जिल्ह्याजिल्ह्यात डाएट, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आहे. नवी यंत्रणा उभारायला नको. पुण्याच्या या राज्य परिषदेने मराठीतून, आपल्या वर्गांतली उदाहरणं घेऊन छोटा अभ्यासक्रम तयार करावा : वर्तनाची नोंद, त्यामागचं कारण शोधणं, योग्य वर्तनाला लगेच दाद देणं, मदत टप्प्याटप्प्याने कमी करणं. तो तयार करताना स्वमग्न व्यक्ती आणि पालक यांना समितीत घ्यावं. बैठकीतल्या शिकवणीनंतर प्रत्येक ताईच्या स्वतःच्या वर्गात विशेष शिक्षकाने बसून तिचं काम पाहावं आणि सुधारून द्यावं. आमच्या फिरतीच्या वेळापत्रकात त्यासाठी अधिकृत वेळ धरावा. मदतनीस आणि वर्गात बसणाऱ्या आया यांना प्रशिक्षणाला प्रवेश असावा. मदतनीस ताईंची त्या दिवसांची मजुरी बुडू नये. ताई बदलली तर मुलाच्या नोंदींची वही नव्या ताईच्या हातात जावी, नाहीतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात याची सुरुवात करा, ही विनंती. पहिल्या तुकड्यांना शिकवायला माझ्यासह अनेक विशेष शिक्षक तयार आहेत. आदेश निघाला की आम्ही कामाला लागू.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका