पहेलां मोटानो वारो

प्रिय मावशी,

सव्वा महिना तुम्ही रोज सकाळी आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घराचा जिना चढून आलात. तुम्ही गुजरातीत बोलायचात, मी मराठीत उत्तर द्यायचे, आपलं कधी अडलं नाही. पण मनातलं लिहायचं तर मला मराठीतच जमतं. रविवारी याल तेव्हा मीच वाचून दाखवेन.

बाळाची मालिश, माझा शेक, सगळं तुम्ही मनापासून केलंत. हे पत्र मात्र थोरल्यासाठी आहे.

तो तेव्हा अडीच वर्षांचा. बाळाला घेऊन घरी आले आणि दोनच दिवसांत त्याचं बिनसलं. शू सांगायला लागून चार महिने झाले होते, तो पुन्हा चड्डीत करू लागला. दूध बाटलीतूनच हवं. सिझेरियनच्या टाक्यांमुळे मला त्याला उचलता येत नव्हतं, आणि ते त्याला कसं कळावं? त्यात बघायला येणारे विचारायचे, "आता आई बाळाची झाली, तू कोणाचा रे?" सगळे हसायचे. तो हसायचा नाही. एका दुपारी त्याने बाळाच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला, आणि मी त्याला मारलं. पहिल्यांदाच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तो वळ पाहिलात. काही विचारलं नाहीत. पाय पसरून बसलात आणि बाळाला घ्यायच्या आधी दाराआड उभ्या असलेल्या थोरल्याला हाक मारलीत, "पहेलां मोटानो वारो." म्हणजे आधी थोरल्याची पाळी. त्याला पायांवर आडवं घेतलंत. त्याचे पाय तुमच्या पायांच्या बाहेर लोंबत होते. कोमट तिळाचं तेल पोटावर, छातीवर, बोटांच्या बेचक्यांत. पाचच मिनिटं, पण तो इतका गप्प पडून राहिला की मला भरून आलं. मग तेलाची वाटी त्याच्या हातात दिलीत. त्याने ती दोन्ही हातांनी धरली, जिभेचं टोक बाहेर काढून, थेंबही न सांडता. त्याचं बोट धरून तुम्ही बाळाच्या तळव्यावरून फिरवलंत. बाळाने पाय आखडला, तसा तो खुदकन हसला. त्या घरात आठ दिवसांनी ऐकलेलं त्याचं हसू होतं ते.

त्यानंतर रोज आधी त्याची पाळी.

तुमची आणखी एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. तुम्ही म्हणालात, रोज थोरल्यालाच थांबायला सांगतेस, कधी बाळालाही सांग, आणि मोठ्याने सांग. बाळाला काय कळणार, असं मला वाटलं होतं. पण ऐकायचं होतं थोरल्याला! बाळ नुसतं कुरकुरत असलं की मी म्हणू लागले, "थांब हं बाळा, आधी याचं पुस्तक संपू दे." तो माझ्याकडे बघायचा आणि आणखी जवळ सरकायचा. शू-बाटलीवरून रागवू नकोस, तो पुन्हा बाळ होऊन बघतोय, असंही तुम्ही सांगितलंत. दीड महिन्याच्या लशीला गेलो तेव्हा डॉक्टर वेगळं काही बोलले नाहीत. हळूहळू दोन्ही सवयी आपोआप सुटल्या. चिमटे अजून अधूनमधून निघतात, म्हणून दोघांना एकटं सोडत नाही. हेही तुमचंच सांगणं.

गेल्या रविवारी बाळाला आजीजवळ ठेवून आम्ही दोघंच कमाटीबागेत गेलो. संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग विचारलं, "आई, याला मालिश करायला किती तेल लागेल?"

तुम्ही रविवारी नक्की या. वाटी त्याने खालच्या फळीवर, हाताला येईल अशी ठेवली आहे.

तुमची,
थोरल्याची आई