तेनेरिफेहून पत्र: ढगाने आखलेले वनस्पतिपट्टे

सांता क्रूझ दे तेनेरिफे,
मेअखेर

प्रिय विद्याधर यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. पर्वतावरील वनस्पतिपट्टे शिकवताना यंदा स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील तेनेरिफे बेटाचे उदाहरण घ्यायचे तू ठरवले आहेस, आणि त्यासाठी समुद्रसपाटीपासून तेइदेच्या शिखरापर्यंतचा एक तक्ता मी येथून करून पाठवावा, असे तू लिहिले आहेस. तक्ता करणे अवघड नाही. परंतु तो एकटाच पाठवण्यास माझे मन तयार होत नाही. येथे हिंडल्यावर माझी खात्री पटली आहे की या बेटावर कोठे काय उगवते, हे उंचीपेक्षाही एका ढगाने ठरवले आहे, आणि उंचीच्या तक्त्यात तो ढग दिसत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी बेटाविषयी. तेनेरिफेचे क्षेत्रफळ सुमारे २,०३४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही कमी. पण त्याच्या मधोमध उभा असलेला तेइदे ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच आहे. आफ्रिकेचा किनारा येथून सुमारे ३०० किलोमीटरवर असला, तरी हे बेट कोणत्याही खंडाला कधीच जोडलेले नव्हते. ते समुद्राच्या तळातून लाव्हाच्या थरांवर थर चढत वर आले. सह्याद्रीचा कातळही लाव्हाचाच, हे तुला सांगायला नको. मात्र तो लाव्हा खंडाच्या जमिनीवर पसरला, आणि तो निवल्यावर शेजारच्या रानांतून बी यायला वाट होती. येथे तशी वाट नव्हती. जे काही रुजले त्याचे मूळ वाऱ्याने, पक्ष्यांनी किंवा समुद्राच्या प्रवाहाने आणले, आणि एकदा आलेल्या त्या मोजक्या कुळांनी मग मोकळ्या पडलेल्या जागा आपापल्या परीने भरून काढल्या. कॅनरी द्वीपसमूहात पाचशेहून अधिक प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र न आढळणाऱ्या, वनस्पती आहेत, त्याचे कारण हेच.

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेला जाताना जून १७९९ मध्ये काही दिवस येथे थांबला आणि तेइदे चढून गेला. द्राक्षमळे, लॉरेलचे रान, पाइनचे रान, रेतामाची झुडपे आणि सर्वांत वर गवत, असे पाच पट्टे त्याने नोंदवले. वनस्पती आणि उंची यांची सांगड घालणाऱ्या त्याच्या पुढील कामाची ही एक पायरी होती. त्याच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. परंतु तो ला लागुनावरून ओरोतावाच्या खोऱ्यात उतरला आणि तेथून वर चढला, म्हणजे त्याने पाहिली ती बेटाची उत्तरेची उतरण. पाठ्यपुस्तकांत तेनेरिफे म्हणून जी शिडी दाखवतात, ती बहुधा याच अर्ध्या बेटाची असते.

आता ढगाविषयी. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरून दमट हवा आणतात. ती उत्तरेच्या उतारावर चढू लागली की थंड होते आणि तिचा ढग बनतो. पण त्याच्या वर, साधारण १,२०० ते १,५०० मीटरांच्या आसपास, कोरडी आणि अधिक उबदार हवा बसलेली असते. तू वर्गात शिकवतोस ती तापमानाची विपरीतता हीच. ढगाला हे झाकण भेदता येत नाही, म्हणून तो तेथेच अडून आडवा पसरतो आणि वरून पाहणाऱ्याला पांढरा समुद्र दिसतो. येथील लोक त्याला तसेच म्हणतात, ‘मार दे नुबेस’, ढगांचा समुद्र. येथला पाऊस हिवाळ्यातला आणि उन्हाळा कोरडा. पण हा ढग उन्हाळ्यात अधिक नेमाने येतो आणि अधिक खाली बसतो. म्हणजे ज्या महिन्यांत आकाशातून थेंब पडत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत उत्तरेच्या मधल्या उताराला रोज ओलावा मिळतो.

लॉरेलचे रान या ओलाव्यावर जगते. बेटाच्या ईशान्य टोकाला अनागाचे डोंगर आहेत, तेथे सुमारे ६०० मीटरांपासून हे रान सुरू होते. आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो इतका अंधार असतो. खोडांवर आणि फांद्यांवर शेवाळाची जाड साल चढलेली असते, नेचे गुडघ्यापर्यंत येतात, आणि पाऊस नसतानाही पाने सतत टपटपत राहतात. येथली पुष्कळशी झाडे दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातली आहेत. पान चुरगळून हुंगले की ती ओळख लगेच पटते. पाने चिवट, वरून तुकतुकीत. त्यांच्यावर धुके जमून थेंब होतो, थेंब टोकाशी सरकतो आणि खालच्या मातीत पडतो. अशा तऱ्हेने झाडेच ढगातून पाणी काढून घेतात आणि ते खाली झऱ्यांना मिळते. शेजारच्या एल इएर्रो बेटावर गारोए नावाचे असे एक झाड होते, ज्याच्या पानांतून गळणाऱ्या पाण्यावर तेथील मूळ रहिवासी तहान भागवत. ते १६१० मध्ये वादळात पडले. भूमध्य समुद्राभोवती लक्षावधी वर्षांपूर्वी अशा प्रकारची सदाहरित राने होती. हवामान कोरडे आणि थंड होत गेले तशी ती तेथून नाहीशी झाली. येथे मात्र ढगाच्या आधाराने त्यांचा वारसा टिकला. या रानाच्या कडेला फाया नावाचे झाड सर्वत्र दिसते. ते येथले अस्सल रहिवासी. पण हवाई बेटांवर माणसांनी नेल्यावर तेच तेथील नव्या लाव्हावर पसरून तेथील झाडांना डोईजड झाले आहे. एका ज्वालामुखी बेटाचे झाड दुसऱ्यावर नेणे किती धोक्याचे असते, हे वर्गात सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आता डोंगर ओलांडून दक्षिणेकडे चल. वातविन्मुख, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची, बाजू असल्याने ढग येथवर क्वचितच पोहोचतो, आणि ढग नाही म्हणून लॉरेलचे रानही जवळजवळ नाही. किनाऱ्यावरची मांसल झुडपे बरीच वर चढतात आणि त्यांच्या वरच्या बाजूला पाइन सुरू होतात. मधली हिरवी पायरी गळून पडते. ९०० मीटर हा एकच आकडा उत्तरेला काळोखे ओले रान दाखवतो आणि दक्षिणेला तापलेला कोरडा उतार. महाबळेश्वर आणि वाई यांमधला फरक मुलांच्या परिचयाचा आहेच, त्यावरून हे त्यांना सहज कळेल. फक्त आपल्याकडे तो फरक मुसळधार पाऊस घडवतो आणि येथे बरसण्यापेक्षा झिरपणारा ढग, एवढे सांगायला विसरू नकोस. म्हणून तक्ता काढायचाच असेल, तर उत्तर आणि दक्षिण असे दोन रकाने कर आणि उत्तरेच्या रकान्यात ढगाची खालची व वरची रेघ ओढ.

किनारपट्टीवरचा कार्दोन तुला पाहताक्षणी ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्या त्रिधारी निवडुंगाचा आणि शेराचा सगोत्र आहे. चार-पाच धारांचे हिरवे खांब एकाच बुंध्यातून निघून वर वळतात आणि पुरुषभर उंचीची जाळी होते. पाने नाहीत, धारांवर आखूड वाकडे काटे, आणि खरचटले की विषारी पांढरा चीक. एका जाळीपाशी मी बराच वेळ बसलो होतो. बाहेर सर्वत्र भाजलेली खडी होती, पण खांबांच्या मधल्या सावलीत वाऱ्याने आणलेली माती साठली होती आणि तीत दुसऱ्या जातींची कोवळी रोपे, शेळ्यांच्या तोंडापासून सुरक्षित, वाढत होती. त्याच्याच शेजारी गोड ताबाइबा नावाची झुडपी वनस्पती असते. ती कोरड्या उन्हाळ्यात पाने गाळते. फड्या निवडुंगही येथे जागोजागी दिसतो, पण तो मूळचा अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात लाल रंग देणाऱ्या किड्यांसाठी त्याची मोठी लागवड झाली आणि तो पुढे रानात शिरला.

किनारा आणि ढग यांच्या मधला पट्टा, म्हणजे जुनिपर, रानजैतून, कॅनरी खजूर आणि ड्रॅगन वृक्ष यांचा, आता तुकड्यातुकड्यांनीच उरला आहे. हवा सुखाची आणि माती चांगली, म्हणून माणसांनी घरे, द्राक्षमळे आणि शेते येथेच केली. इकोद येथला प्रसिद्ध ड्रॅगन वृक्ष लोक लांबून पाहायला येतात. मला मात्र तो पाहताना त्याच्याभोवती एकेकाळी असलेले आणि आता नसलेले रानच अधिक जाणवले.

पाइनविषयी मला अधिक लिहावेसे वाटते. कॅनरी पाइनचा सर्वांत जवळचा नातलग आपल्या हिमालयातला चीड आहे, हे मला येथे आल्यावर कळले आणि अजूनही त्याचे नवल वाटते. दोघांच्याही सुया तीन-तीनच्या झुबक्यात. येथल्या सुया वीतभर लांब आणि लवचीक. ढगाच्या वरच्या कडेशी उभे राहून एक झुबका जवळून पाहिला, तर प्रत्येक सुईवर ओळीने बारीक थेंब दिसतात; वारा आला की ते एकमेकांत मिसळून टोकाशी येतात आणि झाडाखालची जमीन भिजते, तर दोन हातांवरची उघडी जमीन कोरडी असते. या झाडाची दुसरी शक्ती आगीत दिसते. बहुतेक पाइन जळाले की मरतात. याची साल जाड असते आणि तिच्याखाली सुप्त डोळे असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये येथे मोठा वणवा लागला होता. त्या भागातून जाताना कोळशासारख्या काळ्या खोडांना बुंध्यापासून वरपर्यंत हिरवे कोंब फुटलेले पाहिले. ज्वालामुखीच्या बेटावर जन्मलेल्या झाडाला हा गुण लाभावा, हे मला अगदी योग्य वाटते. शेजारच्या ला पाल्मा बेटावर २०२१ च्या उद्रेकानंतर राखेने वेढलेल्या पाइनांनीही अशीच पालवी धरली. तेनेरिफेवरचा शेवटचा उद्रेक नोव्हेंबर १९०९ मध्ये चिन्येरो येथे झाला. तो लाव्हा शंभराहून अधिक वर्षांनंतरही काळाच आहे. त्यावर राखाडी दगडफूल पसरले आहे आणि भेगांत एखाददुसरा पाइन उभा आहे. माती होण्यास किती काळ लागतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते.

सुमारे २,००० मीटरांच्या वर पाइन विरळ होत संपतात आणि लास कान्यादासचे प्रचंड ज्वालामुखीकुंड उघडते. ढग पायाखाली राहतो. ऊन प्रखर, रात्री कडाक्याच्या, हिवाळ्यात बर्फ. येथे रेतामाचे राज्य आहे. शेंगवर्गीय, घुमटाकार झुडूप, जवळजवळ बिनपानांचे; सध्या ते पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेले आहे आणि त्याच्या वासाने सारे कुंड भरून जाते. लाल ताहिनास्तेही याच दिवसांत फुलते. आधी जमिनीलगत रुपेरी पानांचा गुच्छ, आणि मग एका वसंतात माणसाहून उंच, कधी तीन मीटरांपर्यंत जाणारा लाल फुलांचा स्तंभ. बी धरले की झाड मरते. आपली कारवीही एकदाच फुलून मरते, पण ती साऱ्या डोंगरावर एकाच वर्षी फुलते. ताहिनास्तेचे तसे नाही, दरवर्षी काही झाडे फुलतात. आणखी वर, ३,००० मीटरांच्या पुढे, जिथे केवळ सैल खडी आहे, तिथे तेइदेची जांभळी व्हायोला उगवते. पान नखाएवढे आणि लवदार, फूल त्याहून थोडे मोठे. हुम्बोल्ट आणि त्याचा सहप्रवासी बोंप्लाँ यांनीच तिचे शास्त्रीय नामकरण केले.

या उंचीवर १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २००७ पासून त्याला जागतिक वारशाचा दर्जा आहे, तरी रेतामा सुकत चालली आहे. एक कारण वाढता कोरडेपणा, दुसरे ससे. माणूस येण्यापूर्वी या बेटावर खुरांचा प्राणी नव्हता आणि ससाही नव्हता. शेळ्या ‘ग्वांचे’ नावाच्या मूळ रहिवाशांनी आणल्या, ससे पंधराव्या शतकातील स्पॅनिश विजयाच्या काळात आले, आणि विसाव्या शतकात शिकारीसाठी रानमेंढे सोडले गेले. येथील झुडपांना त्यांच्यापासून बचाव करण्याची सवयच नाही. जुन्या रेतामा उभ्या आहेत, पण त्यांच्याखाली कोवळे रोप शोधूनही क्वचित सापडते. कुंपण घातलेल्या तुकड्यांत मात्र ती दिसतात. त्यामुळे येथे कुंपण हवेच, असे माझे मत झाले आहे. कासच्या पठारावर कुंपण घातले गेले आणि पुढे ते काढण्यात आले, कारण तेथील फुले गुरांच्या चरण्यासोबतच नांदत आली होती, असे अनेकांचे म्हणणे होते. तू ती जमीन कुंपणाच्या आधी, कुंपण असताना आणि नंतरही पाहिली आहेस. गवत आणि फुले यांच्यात तुला काय बदल दिसला, ते सविस्तर लिही. येथील अभ्यासकांशी बोलताना मला त्याचा उपयोग होईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास