अक्षीला तुम्ही दोघांनी जायचंच

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला मी येऊ शकत नाही. रजा दोनदा मागून पाहिली. ही घेतली तर दिवाळीची जाते, आणि दिवाळीला मी नसलो तर आई काय म्हणेल ते ठाऊक आहे. पण गाडी रद्द केलेली नाही, करणारही नाही. कोजागिरीला मुक्काम अलिबागला. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, बाबांसाठी जादा उशी सांगून ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, या बाबांच्या हिशोबाने भरती दुपारी पाऊणच्या सुमारास. म्हणून साडेआठला सुरूच्या बनाशी स्टूल टाकून बसा. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात. पूर्ण ओहोटीला दूरवर नुसते ठिपके. किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी. वाळू तापली की चित्र थरथरेल, तेव्हा दुर्बीण बिघडली म्हणून खटपट करू नका, ती हवा हलत असते.

बाबा, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर जुनं सेटिंग चालणार नाही. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीची कडी फिरवा. चष्मा लावून बघणार असाल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत. आई, काचेवरची वाळू आधी फुंकून उडव. पदराने पुसलीस तर चरे पडतील.

दोन पावलं धावून थबकतो तो चिखल्या. लाटेमागे सारखा पळतो तो सँडरलिंग. काळापांढरा, केशरी चोचीचा ऑयस्टरकॅचर. आणि वाकड्या लांब चोचीचा कोरल! तो खेकडा धरून झटकत राहतो, नांग्या-पाय गळले की धड गिळतो. खेकडे साफ करताना वैतागणाऱ्या आईने हे बघायलाच हवं.

वाळूतले चिखले पार लडाख-तिबेटकडून आलेले असतात, त्यांना उडवू नका. तिरकं चाला, माना वर झाल्या की थांबा.

बाबा, गुडघ्यासाठी ओल्या, घट्ट वाळूवरूनच चाला. खाडीच्या तोंडाकडे मुळीच नाही, तिथे पाय रुततो. उधाणाचं पाणी आधी मागच्या खळग्यांत भरतं, समोर बघत बसलेल्याला कळतही नाही. अकराला परत. ‘आणखी पाच मिनिटं’ चालणार नाहीत. बीपीची गोळी नाश्त्याबरोबर, टोपी डोक्यावर, पिशवीत नाही.

संध्याकाळी फोन करा. आई, तूच कर. बाबा नुसतं ‘बरं झालं’ म्हणून ठेवून देतात.

तुमचा,
बाळू