गोचिडांवर लसूण : दुरुस्ती याच आठवड्यात छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कुत्र्या-मांजरांच्या निसर्गोपचारांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, आनंद झाला. पण ‘गोचीड होऊ नयेत म्हणून कुत्र्याच्या जेवणात रोज लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घाला, मांजराला दोन पुरे’ हे वाक्य छापण्याआधी शहरातल्या एखाद्या पशुवैद्याला नुसता फोन केला असता तरी ते गाळावं लागलं असतं.

लसूण आणि कांदा एकाच कुळातले. त्यांच्यातल्या गंधकाच्या द्रव्यांनी कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन बिघडतं, त्याच्या गाठी धरतात आणि पेशी फुटू लागतात. कांद्याचं घातक प्रमाण माहीत आहे : कुत्र्याला किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम, मांजराला अवघे ५ ग्रॅम. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, कांद्याच्या दोन-तीन चकत्या. लसूण तर वजनाला वजन कांद्याहून जहाल. शिजवून किंवा वाळवून विष जात नाही. आणि रोज थोडं थोडं दिलं तरी नुकसान साचत जातं. ‘रोज’ हा लेखातला शब्द म्हणूनच जास्त घातक आहे.

आपल्याकडे हे आणखी जपायला हवं, कारण कांदा-लसूण चटणीशिवाय कोल्हापुरात घर नाही. तिखट नको म्हणून लोक कुत्र्याला तांबडा रस्सा देत नाहीत, अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी) देतात. पण अळणीत आलं-लसणाचं वाटण आणि कांदा पहिल्यापासून असतो. कुत्र्याचा वाटा मटणाला वाटण लावण्याआधीच बाजूला काढावा आणि नुसत्या पाण्यात शिजवावा. वरची चरबी काढून टाकावी, तिनं स्वादुपिंडाला सूज येते. शिजलेलं हाड देऊच नये. त्याचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाटतं. लेखात ‘घरचं ताजं अन्न द्या’ एवढंच आहे.

आता खरा धोका. गोचिडांमधून होणाऱ्या बबेसियाच्या तापात हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, कुत्रं धापा टाकतं. लसणाच्या विषबाधेतही अगदी हेच होतं. अंगावर गोचीड दिसले की डॉक्टर साहजिकच तापाकडे वळतात. घरचे लसणाबद्दल बोलत नाहीत, कारण ते सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटतच नाही. रक्ताची स्लाइड करून पाहिली तर दोन्ही वेगळे ओळखता येतात, पण त्यासाठी डॉक्टरांना संशय तर यायला हवा. म्हणून दवाखान्यात गेल्यावर घरी काय काय दिलं ते सगळं सांगावं : काढा, तेल, पाला, पाकळी, काहीही.

कापूर घातलेलं खोबरेल चोळायला सांगितलंय, तेही नको. प्राणी अंग चाटतात, कापूर पोटात जातो आणि झटके येतात. म्हशीवर फवारायचं सायपरमेथ्रिनचं औषध उरलं म्हणून कुत्र्याला लावतात, आणि मांजर त्याच कुत्र्याला टेकून झोपतं. मांजराच्या यकृताला परमेथ्रिन-सायपरमेथ्रिनचं विष नीट मोडता येत नाही. थरथर, झटके, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मरण. गोठा आणि घर लागून असणाऱ्या गावांत हे वाचलं जाईल म्हणून मुद्दाम लिहितो.

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड बहुतेक आयुष्य कुत्र्यावर काढतच नाही. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे जाऊन हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे अंगाला काहीही चोळलं तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. भेगा सिमेंटनं बुजवाव्यात, अंथरूण कढत पाण्यात धुवावं, आणि कुत्र्याच्या वजनाप्रमाणे महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी डॉक्टरांना विचारून द्यावी. पूर्वी झटके आले असतील तर ते आधी सांगावं. चिकटलेला गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि स्पिरिटमध्ये टाकावा. नखानं चिरडू नये, रॉकेल लावू नये. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली रोज बघावं.

लेखातल्या पपईच्या पानांच्या रसाबद्दल एवढंच : एर्लिकियाच्या, म्हणजे गोचिडांमधूनच होणाऱ्या दुसऱ्या एका तापात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं जेवू लागतं, लोक गोळी बंद करतात आणि श्रेय पानाला जातं. मग आजार उलटतो. शिवाय त्या कडू रसानं उलटी झाली तर आधी दिलेली गोळीही बाहेर पडते.

वाईट याचं वाटतं की जिथे औषधाच्या जोडीनं इतर उपचार खरोखर उपयोगी पडतात, त्या सांधेदुखीला लेखात जेमतेम दोन ओळी आहेत. म्हाताऱ्या लॅब्राडॉरचं वजन सहा-सात टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ४० किलोच्या कुत्र्याचं अडीच किलो, तरी लंगडणं कमी होतं. गुळगुळीत फरशीवर सतरंजी, जिन्याऐवजी फळीचा उतार, पोहणं, फिजिओथेरपी, आणि वेदनाशामक चालू ठेवून जोडीला अॅक्युपंक्चर. वेदनाशामक मात्र कुत्र्याचंच हवं. माणसांच्या आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर दगावतं.

आणखी एक. लेखकाच्या नावाखाली ‘पेट वेलनेस तज्ज्ञ’ आहे, नोंदणी क्रमांक नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं पशुवैद्यकीय व्यवसायाचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यांना दिला आहे. तुम्ही माणसांच्या औषधाचं सदर डॉक्टरची पदवी बघितल्याशिवाय छापत नाही. जनावरांच्या बाबतीत तीच काळजी का घेतली नाही?

दुरुस्ती पुढच्या रविवारपर्यंत थांबवू नका. लसणाची लक्षणं बहुतेक वेळा तीन ते पाच दिवसांनी दिसतात. रविवारी लेख वाचून ज्यांनी सुरुवात केली, त्यांच्याकडे ती बुधवार ते शुक्रवारच्या दरम्यान दिसू लागतील. त्यांनी लसूण आजच बंद करावा. सकाळी उजेडात ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी हवी. फिकी किंवा पिवळसर दिसली, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि किती पाकळ्या, किती दिवस दिल्या ते सांगावं.

आपला,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर