प्रोटोकॉल खुला, पण रजिस्टरची यादी कुलपात

महोदय,

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी 18 वर्षे मेंटेनन्सचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरमधले एक कार्ड जळाले. तेच काम करणारे दुसऱ्या कंपनीचे कार्ड पुण्यात दोन दिवसांत मिळत होते. पण आमचा कंट्रोलर फक्त आपल्याच कंपनीच्या सामानाशी बोलतो. मूळ कार्ड यायला पाच आठवडे लागले. तोवर दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि कंत्राटी मुलांना घरी बसावे लागले. त्यांची बुडालेली मजुरी कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही, म्हणून हे पत्र.

यावरचा उपाय जुनाच आहे. मॉडिकॉन कंपनीने 1979 मध्ये मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत, आणला आणि तो सर्वांना वापरू दिला. पद्धत अगदी साधी : एक यंत्र प्रश्न विचारते आणि ज्याचा क्रमांक पुकारला जातो तेच उपकरण उत्तर देते. क्रमांक 1 ते 247. आरएस-485 या प्रकारच्या जोडणीच्या दोन तारांवर, वेग कमी ठेवला तर, हा संवाद सुमारे 1200 मीटरपर्यंत चालतो. मीटर एका कंपनीचा, मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह दुसरीचा आणि यंत्रे चालवणारा छोटा संगणक, म्हणजे पीएलसी, तिसरीचा असला तरी अडत नाही.

मात्र माहितीपत्रकावर ‘मॉडबस उपलब्ध’ एवढे छापलेले पाहून ऑर्डर देऊ नये, हे मी ठेच लागून शिकलो. यंत्र आपले आकडे क्रमांक दिलेल्या कप्प्यांत, म्हणजे रजिस्टरमध्ये, ठेवते. कोणत्या रजिस्टरमध्ये दाब आहे, कोणत्यात तापमान, हे त्या यंत्राच्या यादीतच कळते. एका एनर्जी मीटरचे आकडे आमच्याकडे कित्येक दिवस वेडेवाकडे येत होते. मीटर ठीक होता. दशांशातला आकडा 16 बिटांच्या दोन रजिस्टरमध्ये विभागलेला असतो आणि त्यांचा क्रम त्या कंपनीने उलटा ठेवला होता. यादीत एक ओळ असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. यादी मागितली, तर सर्व्हिस व्हिजिटचे कोटेशन आले!

खासगी कारखान्याचे नुकसान मालक सोसतो. पण नळपाणी योजना, उपसा सिंचनाचे पंप आणि सांडपाणी प्रकल्प लोकांच्या पैशांतून उभे राहतात. त्यांच्या प्रत्येक निविदेत खुल्या प्रोटोकॉलची अट हवी. शिवाय रजिस्टरची पूर्ण यादी, पीएलसीचा मूळ प्रोग्रॅम आणि पासवर्ड हाती आल्याशिवाय शेवटचे बिल निघू नये. ठेकेदार उद्या निघून गेला, तरी गावाचे पाणी थांबता कामा नये.

खुलेपणामुळे धोका वाढतो, असे काही पुरवठादार सांगतात. मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोय नाही, हे खरे. म्हणून ते नेटवर्क इंटरनेटपासून वेगळेच ठेवायचे असते. जिथे माहिती बाहेर पाठवायची आहे, तिथे 2008 मध्ये आलेला ओपीसी यूए हा दुसरा प्रोटोकॉल आहे. तोही खुलाच, आणि त्यात एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून पाठवणे) व ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची व्यवस्था आहे. यंत्राची यादी ग्राहकापासून लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे.

कॉम्प्रेसरच्या अनुभवानंतर नव्या एअर ड्रायरच्या पर्चेस ऑर्डरमध्ये आम्ही यादीची अट घातली. पुरवठादाराने मशीनबरोबरच चार पानांची यादी दिली, आणि दरात एक रुपयाही वाढवला नाही.

– एक मेंटेनन्स कर्मचारी, भोसरी, पुणे