सरबताच्या पाकाला तार नको, वजन हवे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सरबतांसाठी साखरेचा पाक घरी करून ठेवण्याची कृती आली होती. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी घ्यावे, एकतारी पाक होईपर्यंत उकळावे, गरम असतानाच बाटलीत भरून झाकण घट्ट लावावे, म्हणजे तो बाहेर सहा महिने टिकतो, असे तीत म्हटले होते. ती वाचून आमच्या सूनबाईंनी आणि शेजारच्या वहिनींनी एकाच दिवशी पाक केला. सूनबाईंच्या बाटलीत दोन आठवड्यांत बुरशी धरली. वहिनींच्या बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे बसले. कृती एकच असताना असे उलटसुलट का झाले, हे दोघींनी मला विचारले, कारण माझा जन्म औषधांच्या दुकानात आणि त्याआधी दवाखान्यातील मिक्श्चरच्या बाटल्या भरण्यात गेला आहे, आणि त्या मिक्श्चरमध्ये गोडीसाठी पडणारे साधे सिरप म्हणजे साखरेचा पाकच.

मुळात ही कृती स्वतःलाच खोडून काढते. पाक तारेपर्यंत आटवायचाच असेल, तर सुरुवातीला पाणी एक वाटी घेतले काय आणि दोन वाट्या घेतल्या काय, शेवटी भांड्यात तेवढेच पाणी उरणार. फरक पडेल तो फक्त गॅसच्या खर्चात. आणि एकास एक हे प्रमाण पाळायचे असेल, तर आटवून चालणार नाही. सूनबाईंनी साखर विरघळून एक उकळी येताच गॅस बंद केला, म्हणजे प्रमाण पाळले. वहिनींनी बोटांत तार येईपर्यंत धीर धरला, म्हणजे खूण पाळली. दोघीही आपापल्या परीने कृतीबरहुकूमच वागल्या होत्या.

एकतारी, दोनतारी, गोळीबंद या आपल्या स्वयंपाकघरातील अतिशय नेमक्या खुणा आहेत, पण त्या लाडूच्या, मोरावळ्याच्या आणि चिक्कीच्या आहेत. साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपास साखर विरघळून राहते. तार येईपर्यंत आटवलेल्या पाकात साखर त्याहून पुष्कळ जास्त असते, आणि निवल्यावर ती जास्तीची साखर पुन्हा खडे धरू पाहते. पाकातला लाडू घट्ट होतो तो याच गुणामुळे. लाडवात जे हवे असते तेच बाटलीत नको असते. उकळताना थोडे लिंबू पिळले तर काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन खडे कमी धरतात, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडताच ठाऊक होते.

सूनबाईंच्या पाकाचा दोष उलटा. वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी यांचे वजन सारखे नसते, कारण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत पाणी १५० ग्रॅम मावते, तर साखर १२५-१३० ग्रॅमच. म्हणजे अशा पाकात साखर निम्म्याहूनही कमी पडते. एवढ्या पातळ पाकात बुरशी आणि यीस्ट सुखाने वाढतात, त्यामुळे तो फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवावा. बाहेर टिकणारा पाक हवा असेल, तर साखर इतकी हवी की सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणीच उरू नये. भारतीय औषधकोशातील साध्या सिरपमध्ये साखर वजनाने ६६.७ टक्के असते. हिशेब सोपा आहे, दोन भाग साखर, एक भाग पाणी, मात्र वाटीने नव्हे, तराजूने.

आम्ही तो असा करत असू. एक किलो साखर आणि ५०० ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धा लिटर, रिकाम्या भांड्याचे वजन आधी टिपून त्यात घ्यायचे, मंद आचेवर ढवळत साखर पूर्ण विरघळू द्यायची आणि उकळी येताच उतरवायचे. मग भांडे पुन्हा तराजूवर ठेवायचे. आतील पाक दीड किलोला जितका कमी भरेल तितके पाणी वाफेने गेले असे समजून तेवढे उकळलेले पाणी घालून वजन पूर्ण करायचे, आणि स्वच्छ मलमलीतून गाळायचे. एवढ्यात साधारण सव्वा अकराशे मिलिलिटर पाक होतो. त्याची परीक्षाही वजनानेच होते: १०० मिलिलिटर पाक १३३ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे, १२५ भरला तर तो पातळ आहे. मळी काढण्यासाठी पाकात दूध घालण्याची पद्धत मिठाईला ठीक आहे, पण महिनोन्‌महिने ठेवायच्या पाकात दुधाचा अंशही मी राहू देणार नाही.

आता झाकणाविषयी. गरम पाक अर्धीमुर्धी बाटली भरून लगेच बंद केला, की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन पाकावर पडते आणि वरचा पातळ थर बुरशीला आयता मिळतो. खालचा पाक कितीही दाट असला तरी बुरशी वरूनच सुरू होते. कारखान्यात गरम भरतात हे खरे, पण तिथे बाटली निर्जंतुक केलेली आणि काठोकाठ भरलेली असते. घरी पाक झाकून निवू द्यावा आणि पूर्ण कोरड्या बाटलीत भरावा. हा दाट पाक फ्रिजमध्ये ठेवू नये, गारव्याने खडे धरतात. धरलेच तर बाटली कोमट पाण्यात उभी करावी.

पुरवणीतील कृतीच्या शेवटी याच पाकात लिंबाचा रस मिसळून ठेवण्याची सूचना होती. दीड किलो पाकात अर्धा लिटर रस घातला की साखर ६६ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर येते. रस आंबट असला तरी त्या आंबटपणाला यीस्ट जुमानत नाही. असे मिश्रण फ्रिजमध्येच ठेवावे, किंवा रस पेल्यात आयत्या वेळी पिळावा. कोकणातल्या अमृत कोकमाची गोष्ट निराळी, तिथे चूलच पेटत नाही: रातांब्याच्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की साखर आपणच सालींतला रस ओढून घेते. पण तिथेही साखरेत हात आखडता घेतला की बरणी फसफसते.

पुढील रविवारी या कृतीची दुरुस्ती ग्रॅममध्ये छापावी, ही विनंती. कैऱ्या बाजारात आल्या आहेत, आणि पन्ह्यासाठी हाच पाक करायला आमच्या वहिनींनी नव्याने पाच किलो साखर आणून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माता,
सातारा